एका हेलिकॉप्टरचा धंदा



हेलिकॉप्टर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मंत्री, उद्योगपती आणि निवडणुकीच्या सभा उभ्या राहतात. मग एक-दोन यंत्रे घेऊन या धंद्यात उतरणारा लहान मालक अडचणीत का येतो, याचे नवल वाटते. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. कोणत्याही धंद्याचा ताळेबंद हाती आला की आम्ही प्रथम पाहतो, खर्च कशावर चढतो आणि मिळकत कशावर येते.

येथे मिळकत फक्त उड्डाणावर येते. खर्च मात्र यंत्र उभे असतानाही चालूच असतो. कर्जाचा हप्ता, विमा, हँगरचे भाडे, वैमानिकाचा आणि इंजिनियरचा पगार, यांपैकी काहीही पावसामुळे थांबत नाही.

एक उदाहरण घेऊ. अमेरिकेतील रॉबिन्सन कंपनीचे आर-४४ हे वैमानिकासह चार माणसांचे यंत्र आहे. २,२०० तास उड्डाण झाले किंवा १२ वर्षे उलटली, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा ते पुरते उलगडून नव्याने बांधावयाचे, असा कारखान्याचा दंडक आहे. यालाच ओव्हरहॉल म्हणतात. आता हिशेब करा. वर्षाला सुमारे १८३ तास, म्हणजे महिन्याला पंधरा. याहून कमी उड्डाण झाले तर न वापरलेले तास कॅलेंडर खाऊन टाकते. अधिक झाले तर मोठा खर्च लवकर दाराशी येतो. म्हणून शहाणा मालक प्रत्येक तासाच्या भाड्यातून काही रक्कम त्यासाठी बाजूला ठेवतो. गिऱ्हाईक मिळविण्यासाठी ज्याने भाडे पाडले, त्याला पहिला हात याच रकमेला घालावा लागतो.

दुसरी अडचण एकटेपणाची. एस.टी.च्या मोठ्या डेपोत एक गाडी दुरुस्तीला गेली तरी वेळापत्रक चालते. एकच हेलिकॉप्टर असले आणि ते तपासणीसाठी उघडले की सारा धंदाच बंद. सुटा भाग परदेशातून यावयाचा, तो बसल्यावर परवानाधारक इंजिनियरची सही व्हावयाची. तोवर हप्ता चालूच.

कोणी म्हणेल, सरकारने हात द्यावा. अमेरिकेत हा प्रयोग होऊन गेला आहे. लॉस एंजेलिसच्या कंपनीने १९४७ साली हेलिकॉप्टरने टपाल नेण्यास आरंभ केला. न्यूयॉर्कच्या कंपनीने १९५३ साली उतारू नेण्यास सुरुवात केली. शिकागोतही अशीच एक कंपनी होती. तिघींना सरकारी अनुदान मिळे. ते १९६५ साली बंद झाले आणि शिकागोची नियमित सेवा त्याच वर्षअखेर थांबली. लॉस एंजेलिसच्या कंपनीला १९६८ च्या मे आणि ऑगस्ट महिन्यांत दोन अपघात झाले, त्यांत ४४ माणसे गेली. ती कंपनी पुढे सावरली नाही. न्यूयॉर्कची १९७९ साली बुडाली.

आता आपल्याकडील केदारनाथ पाहा. हे ठिकाण साडेतीन हजार मीटरांहून उंच. तेथे हवा विरळ असल्याने पात्यांना आधार कमी मिळतो, इंजिनाची ताकदही घटते. म्हणून ओझे कमी घ्यावे लागते. यात्रा वर्षातून सुमारे सहा महिने, आणि त्यातही पावसाळ्यात ढग दरीत उतरतात. वर्षाचा खर्च थोड्या स्वच्छ दिवसांतून काढावयाचा, तेव्हा ढग दिसत असतानाही ‘आणखी एक फेरी’ हा मोह बलवान होतो. १८ ऑक्टोबर २०२२ आणि १५ जून २०२५ या दोन्ही दिवशी केदारनाथहून गुप्तकाशीकडे परतणारे हेलिकॉप्टर कोसळले. प्रत्येक वेळी वैमानिकासह सात जण गेले. दुसऱ्या अपघातात महाराष्ट्रातील यात्रेकरूही होते. एखाद्या अपघाताचे कारण ठरविणे हे चौकशीचे काम. पण या धंद्याची रचनाच वैमानिकाला ढगाकडे ढकलते, हे सांगावयास चौकशीची वाट पाहण्याचे कारण नाही.

मालकाची अडचण आम्ही खोटी मानत नाही. परंतु ती वैमानिकाच्या आणि उतारूच्या जिवावर भागवली जाऊ नये. ‘आज उड्डाण नाही’ असे म्हणणाऱ्या वैमानिकाची, आणि सही नाकारणाऱ्या इंजिनियरची, नोकरी व पगार सुरक्षित असला पाहिजे. वेतन महिन्यावर असावे, फेऱ्यांवर नसावे. लहान मालकांनी हँगर, सुट्या भागांचे कोठार आणि तपासणीचे काम सहकाराने एकत्र चालवावे. एकेकट्या शेतकऱ्याला न झेपणारा साखर कारखाना ज्या महाराष्ट्राने सहकारातून उभा केला, त्याला ही कल्पना नवी वाटू नये.

आणि आपण उतारूंनी? भाडे फार स्वस्त असेल तर कोणता खर्च वगळला, असे विचारावे. हवामानासाठी फेरी रद्द झाली, तर खिडकीवरच्या माणसाशी भांडू नये. त्या दिवशी कोणीतरी आपले काम नीट केलेले असते.