छताला टांगलेला संसार

डॉयल्सटाउन (पेनसिल्व्हेनिया) : फिलाडेल्फियाहून उत्तरेकडे निघालेली लोकल तास-सव्वा तासाने डॉयल्सटाउनला पोचते आणि रूळ तिथेच संपतात. गावात किल्ल्यासारखी एक उंच काँक्रीटची इमारत आहे, मर्सर म्युझियम. दौंड-शिरूरकडचा प्रवासी आत शिरतो, तेव्हा त्याची मान आपोआप वर जाते. मधल्या चौकात छतापासून खालपर्यंत खुर्च्या, पाळणे, टोपल्या, पिंपं टांगलेली. त्यांच्यातच एक अख्खी मालवाहू घोडागाडी आणि देवमाशाच्या शिकारीची होडी.

हेन्री मर्सर पुरातत्त्वाचा माणूस. 1897 साली तो जुन्या चुलीचे चिमटे शोधत एका भंगारवाल्याकडे गेला. ज्या हत्यारांनी हा देश उभारला, तीच मोडीत निघाल्याचं तिथल्या ढिगापुढे त्याच्या लक्षात आलं. मग कुऱ्हाडी, रंधे, चरखे असं जे मिळेल ते त्याने जमवलं आणि 1916 मध्ये हे म्युझियम उघडलं. अमेरिका म्हटली की आपल्याला यंत्रं आठवतात. ती इथे इतक्या झपाट्याने आली, की आजोबांच्या हातातली वस्तू कशासाठी होती हे नातवाला सांगावं लागे. आपला कालपरवाचा काळही हा देश इतका जपून मांडतो, त्यामागे हे कारण असावं.

दालनं धंद्यांप्रमाणे आहेत. जवस म्हणजे आपल्याकडे चटणी. इथे त्याच जातीच्या रोपाचं खोड कुजवून, कुटून, विंचरून धागा काढत आणि घरोघर लिनन विणत. सफरचंदाचा रस काढण्याच्या साधनांपुढे मात्र दौंडच्या माणसाला काही समजावून सांगावं लागत नाही. फळ चिरडायचं, दाबायचं, रस गाळून घ्यायचा. त्याला आपला चरक आठवतो.

फरक एवढाच की दौंडची गुऱ्हाळं अजून पेटतात. खडकवासल्याच्या कालव्याने आणि भीमेच्या पाण्याने तालुक्यात ऊस आला. वाळल्या चिपाडांचा जाळ, काहिलीत खदखदणारा रस, मळी वर यावी म्हणून त्यात सोडलेला भेंडीचा चीक, आणि पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी पाहणारा गुळव्या. काहील कोणत्या क्षणी उतरवायची, हे त्याच्या बोटांना कळतं. ते बोटांतलं कसब छताला टांगता येत नाही.

मर्सरलाही हे उमगलं होतं. जर्मन वंशाच्या स्थानिक कुंभारांची कला संपत आली होती. तो स्वतः ती शिकायला बसला. भांडी जमली नाहीत, तेव्हा फरशांकडे वळला. हॅरिसबर्गच्या राज्य विधिमंडळ इमारतीत त्याच्याच फरशा आहेत. डॉयल्सटाउनच्या कारखान्यात त्या आजही हाताने घडतात.

मातीकाम पाहताना शिरूर तालुक्यातलं इनामगाव आठवल्याशिवाय राहत नाही. घोड नदीकाठच्या या गावात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत कुंभाराची भट्टी निघाली, तांबड्यावर काळ्या नक्षीची भांडी निघाली. घरांच्या जमिनीखाली रांजणांत पुरलेली लहान मुलं निघाली. कुंभाराचं काम तिथे जेवणाच्या भांड्यापासून मरणापर्यंत पोचलेलं होतं. शिरूरच्या बाजारातून हौसेने माठ आणणाऱ्यांनी एकदा तरी इनामगावला वाकडी वाट करून जावं.

पेनसिल्व्हेनियाशी दौंडचा आणखी एक धागा आहे, आणि तो अधिक जवळचा. 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशींना वैद्यकीची पदवी मिळाली. त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. पुढे तीनेक वर्षं त्यांनी हा देश पाहिला, बालोद्यानाची पद्धत शिकून घेतली, आणि 1889 मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ लिहून मराठी वाचकांना अमेरिका समजावली.

भंगारातून मर्सर अवजारं वेचू लागला, त्याच सुमारास रमाबाई दुष्काळातून वाचलेल्या मुलींना दौंड तालुक्यात केडगावला आणत होत्या. तिथल्या मुक्ती सदनात त्यांच्या हाती माग दिला, सुई दिली, छापखान्यातले खिळे दिले. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर केडगावच्या बायकांनीच खिळे जुळवून छापलं. रमाबाई 1922 मध्ये गेल्या; सबंध ग्रंथ 1924 मध्ये बाहेर पडला.