खोक्यावर १०००, संगणकात ९३१
हार्ड डिस्कचे माप घटते कुठे?

व्यापारी बंधूंनो, आज लहानसहान दुकानातही संगणक आला आहे. बिले, जीएसटीचे हिशेब, साड्यांच्या आणि प्रिंटच्या डिझाइनच्या फाइली, दुकानातील कॅमेऱ्याचे चित्रण, हे सारे हार्ड डिस्कवर साठते. तिच्याबद्दल एक तक्रार ठरलेली आहे. खोक्यावर १ टीबी, म्हणजे १००० जीबी लिहिलेले असते. डिस्क संगणकाला जोडली की विंडोज ९३१ जीबी दाखवते. मग ६९ जीबी गेले कुठे? गिऱ्हाईक दुकानदाराला चोर म्हणते, दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो आणि कंपनी खोक्यावरच्या बारीक अक्षरांकडे.

मापावरून कुणाला चोर म्हणणे ही लहान गोष्ट नव्हे. आणि मापात खरोखरच चोरी होत असेल तर गप्प बसणेही बरोबर नव्हे. म्हणून हा हिशेब नीट समजून घेतला पाहिजे.

एक नाव, दोन मापे

कापडाच्या धंद्यातील माणसाला ही गोष्ट लवकर समजेल. वार ३६ इंचांचा आणि मीटर ३९ इंचांहून थोडा मोठा. १०० वार कापड मीटरपट्टीने मोजले तर ९१.४४ मीटर भरते. नऊवारी साडी मीटरने सव्वाआठच्या आसपास येते. म्हणून कुणी साडी कापून घेतल्याचा आरोप करत नाही, कारण वार आणि मीटर ही नावेच वेगळी आहेत.

पण नाव एकच असले तर काय होते, ते मणाने दाखवून दिले आहे. इंग्रजी अमदानीत मुंबईचा मण २८ पौंडांचा, मद्रासचा २५ पौंडांचा आणि बंगालचा ८२ पौंडांहून थोडा अधिक होता. नुसते 'शंभर मण' म्हणून सौदा केला आणि कुठला मण ते ठरवले नाही, तर भांडण ठरलेलेच. पुढे १९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक मापे आली आणि हा घोळ मिटत गेला.

संगणकाच्या जगात जीबीचे तसेच झाले आहे. हार्ड डिस्क बनवणारी कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते. विंडोज मात्र १ जीबी म्हणजे १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ बाइट धरते. विंडोजची मोजपट्टी लांब, म्हणून आकडा कमी येतो. माल तेवढाच असतो.

१०२४ आले कुठून?

संगणक शून्य आणि एक या दोनच अंकांवर चालतो. त्याच्या मेमरीच्या चिपमध्ये जागा दुपटीने वाढते : २, ४, ८, १६ असे करत दहाव्या पायरीला १०२४ येतात. हा आकडा हजाराच्या जवळचा, म्हणून त्यालाच 'किलो' म्हणण्याची रीत पडली. हार्ड डिस्कला असे दुपटीचे बंधन नाही. १९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तिची क्षमता ५० लाख अक्षरे अशी साध्या दशमान पद्धतीनेच सांगितली गेली.

हजार आणि १०२४ यांत फरक अडीच टक्क्यांहूनही कमी. केबीचा जमाना होता तोवर कुणाला तो खटकला नाही. पण हा फरक पायरीपायरीने चढत जातो. एमबीला जवळजवळ ५ टक्के, जीबीला ७ टक्क्यांहून अधिक आणि टीबीला जवळजवळ १० टक्के होतो. डिस्क मोठ्या होत गेल्या तशी तक्रारही मोठी झाली. गंमत अशी की त्याच दुकानात रॅम विकली जाते ती १०२४ च्या मापाने, आणि शेजारी ठेवलेली डिस्क हजाराच्या मापाने.

हा घोळ मिटवण्यासाठी आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने १९९८ साली १०२४ च्या मापांना किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावे दिली. बाजारात मात्र ती रुळली नाहीत. ॲपलने २००९ पासून आपल्या मॅक संगणकांत हजाराचे माप घेतले, त्यामुळे तिथे १ टीबीची डिस्क १ टीबीच दिसते. विंडोज अजून १०२४ ने मोजते आणि नाव जीबीच लिहिते.

अदालतीत गेलेला वाद

हे प्रकरण अमेरिकेत कोर्टापर्यंत गेले. वेस्टर्न डिजिटल कंपनीने २००६ साली तडजोड करून गिऱ्हाइकांना बॅकअपचे सॉफ्टवेअर मोफत देऊ केले. सीगेटने २००७ साली किमतीच्या ५ टक्के परतावा किंवा मोफत सॉफ्टवेअर देण्याचे मान्य केले. आता खोक्यावर '१ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट' अशा अर्थाची ओळ छापलेली असते. अक्षर इतके बारीक की चष्मा लावूनही शोधावे लागते, ही गोष्ट वेगळी.

आपल्या कामाचा हिशेब

खोक्यावरच्या जीबीला ०.९३१ ने गुणा, म्हणजे विंडोजचा आकडा मिळेल. ३२ जीबीचे २९.८, ६४ चे ५९.६, १२८ चे ११९.२, २५६ चे २३८.४, ५०० चे ४६५.६ आणि ५१२ चे ४७६.८. दोन टीबीची डिस्क १.८१ टीबी दिसते.

खात्री करायची असेल तर डिस्कच्या चिन्हावर उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज' उघडा. तिथे बाइटचा पूर्ण आकडा असतो. १ टीबीच्या बाहेरून जोडायच्या डिस्कमध्ये तो एक लाख कोटीच्या आसपास असला तर माल पुरा आहे. लॅपटॉपमध्ये डिस्कचे भाग पाडलेले असतात आणि एखादा भाग कंपनीने दुरुस्तीसाठी राखून ठेवलेला असतो. तिथे सर्व भागांची बेरीज करावी. पेन ड्राइव्हमध्येही थोडी जागा राखीव जाते, त्यामुळे हिशेबापेक्षा किंचित कमी दिसल्यास घाबरू नये.

कॅमेऱ्याची डिस्क घेताना हा हिशेब आधी करावा. चित्रण रोज ३३ जीबी जागा घेत असेल आणि यंत्र १०२४ ने मोजत असेल, तर १ टीबीत ३० दिवस मावतील असे कागदावर वाटते. प्रत्यक्षात २८ दिवसच मावतात. चोरीनंतर एकोणतिसाव्या दिवशी चित्रण शोधायला गेलो तर ते पुसलेले असेल.

खरी चोरी इथे आहे

सात टक्क्यांचा फरक ही चोरी नाही. चोरी वेगळीच आहे. पदपथावर किंवा ऑनलाइन अगदी थोड्या पैशांत १ टीबीचा, २ टीबीचा पेन ड्राइव्ह मिळतो. त्यात चिप असते ८ किंवा १६ जीबीची, पण तिच्या आतला प्रोग्राम बदलून संगणकाला खोटा आकडा सांगितलेला असतो. प्रॉपर्टीजमध्येही आकडा पुरा दिसतो. चिप भरेपर्यंत सारे ठीक चालते, त्यानंतर टाकलेल्या फाइली बिघडतात किंवा जुन्या पुसल्या जातात. वर्षभराची डिझाइने आणि हिशेब असे गेले की परत येत नाहीत.

यावर उपाय एकच. नवा ड्राइव्ह एकदा पूर्ण भरून, फाइली परत उघडून पाहाव्यात. या कामासाठी 'एच-टू-टेस्ट-डब्ल्यू' नावाचा मोफत प्रोग्राम आहे. तो ड्राइव्ह भरतो आणि पुन्हा वाचून खरी जागा सांगतो. महत्त्वाचे काम टाकण्याआधी ही तपासणी करावी.

विकणाऱ्याची जबाबदारी

आपल्यातले अनेक तरुण आज संगणक आणि मोबाइलच्या व्यवसायात आहेत. त्यांना आमचे सांगणे आहे. कुरआनात सूरह अल-मुतफ्फिफीन ही मापात घट करणाऱ्यांना दिलेल्या इशाऱ्यानेच सुरू होते. हजरत शुऐब (अलै.) यांनी मदयनच्या लोकांना माप पुरे देण्याची ताकीद दिली होती. सहीह मुस्लिममध्ये धान्य विकणाऱ्याची हदीस आहे. त्याच्या ढिगात वरचे धान्य कोरडे आणि आतले ओले होते. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी ओले धान्य लोकांना दिसेल असे वर ठेवायला सांगितले.

तोच नियम इथे लावावा. डिस्क विकताना 'विंडोजमध्ये ९३१ दिसेल' हे पैसे घेण्याआधीच सांगावे, शक्य तर बिलावर लिहून द्यावे. या एका वाक्याने सौदा क्वचितच मोडतो, पण पुढची तक्रार मात्र नक्की टळते. बनावट क्षमतेचा माल कितीही नफा देत असला तरी दुकानात ठेवू नये. गिऱ्हाइकाला ठाऊक नसलेल्या मापाने दिलेला माल पुरा असला, तरी त्याच्या मनात शंका राहते, आणि शंका घेऊन गेलेले गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.