जुनी लँड क्रूझर घेताना

टोयोटा लँड क्रूझरची ८० सीरिज ही १९९०च्या दशकातली गाडी. पुढे-मागे सलग अ‍ॅक्सल आणि कॉइल स्प्रिंग, त्यामुळे खडबडीत वाटेवर ती आजही भरवशाची. घेण्याआधी पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला वाकून बघा. नकलच्या (चाक वळवणाऱ्या सांध्याच्या) गोळ्यावर पातळ, काळपट ओघळ दिसले, तर सील गेलंय आणि डिफरन्शियलचं ऑइल ग्रीसमध्ये मिसळतंय. सील बदलण्याचं काम आधी करून घ्या. गाडी उंच करायची घाई नकोच. उंच केली की कॅस्टरचा, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाच्या मागे झुकण्याचा, कोन कमी होतो, हमरस्त्यावर स्टिअरिंग भरकटायला लागतं आणि वेगळे बुश बसवावे लागतात. माझ्या मते पहिला खर्च रेडिएटर, ब्रेक आणि चांगल्या टायरवर व्हावा. टायर मोठे घेतले, तर स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो.