‘जुना करार’ रद्द झालाय का? बायबलमधला हा ‘करार’ नेमका आहे तरी काय?

बायबलमध्ये डुकराचं मांस निषिद्ध आहे, मग अनेक ख्रिस्ती लोक ते कसं खातात? सोशल मीडियावर हा प्रश्न हमखास दिसतो. उत्तर ‘करार’ या शब्दात आहे.

करार म्हणजे काय?
देव आणि माणसं यांच्यातलं वचनाने बांधलेलं नातं. बायबलनुसार देवाने अब्राहामाशी करार केला. सुंता ही त्याची खूण. पुढे सीनाय पर्वतावर मोशेमार्फत इस्राएली लोकांना नियमशास्त्र मिळालं. खाण्यापिण्याचे नियम त्यातलेच.

मग नवा करार?
त्याचा उल्लेख जुन्या करारातच आहे. यिर्मया संदेष्टा सांगतो, देव आपलं नियमशास्त्र लोकांच्या हृदयावर लिहील. ख्रिस्ती श्रद्धेनुसार येशूने शेवटच्या भोजनावेळी हा करार आपल्या रक्ताने केला.

जुने नियम पाळायचे की नाही?
यहुदी नसलेले लोक ख्रिस्ती होऊ लागले तेव्हा हाच वाद पेटला. जेरुसलेममधल्या सभेत त्यांच्यावर सुंतेची सक्ती नको, असं ठरलं. दुसऱ्या शतकात मार्सियनने जुना करारच नाकारला, पण चर्चने त्यालाच बाहेर काढलं.

हे आज महत्त्वाचं का?
‘जुना’ म्हणजे ‘रद्द’, या समजाने ज्यूंविषयीच्या द्वेषाला शतकानुशतकं खतपाणी घातलं. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट केलं की, ज्यूंना देवाने नाकारलेलं नाही. कोकणातल्या बेने इस्राएली ज्यूंसाठी तर हा करार कधी ‘जुना’ झालाच नाही.