पोरासोरांचे गाणे आणि थोरांची वकिली

गतवर्षीच्या स्नेहसंमेलनासाठी आमच्या शाळेतील नववीच्या मुलामुलींनी एका परदेशी तरुण बँडचे गाणे बसविले होते. तालमीच्या वेळी दाराशी उभे असलेले एक पालक उद्गारले, "हे संगीत नव्हे, हा पोरखेळ आहे!" त्यांच्या शेजारी पन्नाशीच्या घरातले दुसरे एक गृहस्थ होते. ते किंचित ओशाळून म्हणाले, "हसू नका, पण हे गाणे मला स्वतःला आवडते आणि ते चांगले आहे असेही मला वाटते." पहिल्या गृहस्थांनी विचारले, "चांगले कशावरून?" त्यावर दुसऱ्यांना चटकन उत्तर सुचले नाही. तो प्रश्न मात्र आमच्या मनात घर करून राहिला. ज्या गाण्यावर प्रामुख्याने मुलेच लुब्ध आहेत, त्याची बाजू प्रौढ माणसाने घ्यावयाची, तर ती कशाच्या आधारावर घ्यावी?

हा वाद आजचा नाही. इंग्लंड-अमेरिकेत तो साठ वर्षांहून अधिक काळ चालू आहे आणि त्यात मोठमोठ्या जाणकारांनी भाग घेतला आहे. त्यांनी केलेली वकिली कोठे टिकली व कोठे लंगडी पडली, हे पाहिले असता आपल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे हाती येते.

१९६३ साली लिव्हरपूल शहरातील बीटल्स या चौघा तरुणांच्या बँडने इंग्लंड वेडावून टाकले होते. त्यांच्या कार्यक्रमांत किशोरवयीन मुलींच्या किंकाळ्यांपुढे गाणे ऐकूदेखील येत नसे. अशा वेळी, २७ डिसेंबर १९६३ रोजी, लंडनच्या 'टाइम्स' या भारदस्त दैनिकात त्या पत्राचे संगीतसमीक्षक विल्यम मान यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. त्या वर्षातील सर्वांत उल्लेखनीय इंग्रज संगीतरचनाकार म्हणून त्यांनी बीटल्सपैकी जॉन लेनन व पॉल मॅकार्टनी या दोघांचा गौरव केला. त्या वेळी लेनन तेवीस वर्षांचे, तर मॅकार्टनी अवघे एकवीस वर्षांचे होते. 'नॉट अ सेकंड टाइम' या गीताच्या शेवटी 'एओलियन' पद्धतीचा विराम आहे, असे सांगून मान यांनी त्याची तुलना थोर ऑस्ट्रियन रचनाकार माहलर यांच्या एका कृतीच्या समाप्तीशी केली.

हा विराम म्हणजे काय, ते आपल्या स्वरांच्या भाषेत सांगता येईल. गाणे एका षड्जाभोवती फिरत असले की शेवटी ते त्याच षड्जावर विसावेल अशी कानाची अपेक्षा असते. या गीतात मात्र शेवटचा विसावा षड्जावर न होता धैवतावर उभारलेल्या स्वरसंगतीवर होतो. बिलावलाचे शुद्ध स्वर तेच ठेवून धैवताला षड्ज मानले की आसावरी थाट तयार होतो, हे संगीताच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहेच. त्यामुळे उजळ रंगाचे गाणे अखेरीस एकाएकी गंभीर छायेत शिरते. मान यांच्या कानाने टिपलेली गोष्ट ती हीच.

गंमत अशी की, ज्यांनी हे गीत रचले त्यांना या संज्ञेचा गंधही नव्हता. पुढे १९८० साली एका मुलाखतीत लेनन म्हणाले की, हे शब्द आपल्याला कोणा परदेशी पक्ष्यांच्या नावांसारखे वाटतात! पुष्कळांनी यावरून मान यांची थट्टा केली. आमच्या मते ती अनाठायी आहे. व्याकरण न शिकलेली आजी निर्दोष व रसाळ मराठी बोलते. तिच्या बोलण्यातील प्रयोग व्याकरणकाराने ओळखून दाखविले तर तो काही खोटे बोलत नाही. मान यांचा दोष असलाच तर इतकाच की, सामान्य वाचकाला कळेल अशा शब्दांत त्यांनी ते सांगितले नाही.

दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९६४ मध्ये, पॉल जॉन्सन या लेखकाने 'न्यू स्टेट्समन' साप्ताहिकात या वेडावर कठोर हल्ला चढविला. आपण सोळाव्या वर्षी बीथोव्हेनची नववी सिंफनी ऐकत होतो, असे सांगून त्यांनी या बँडच्या चाहत्या मुलांची व त्यांची भलामण करणाऱ्या प्रौढांची सारखीच निर्भर्त्सना केली. या लेखाचा रोख गाण्यावर कमी व ऐकणाऱ्यांवर अधिक होता. 'मुली किंचाळतात, सबब गाणे हीन' हा युक्तिवाद तर्काच्या कसोटीस उतरत नाही. श्रोत्याच्या वयावरून व वर्तनावरून गाण्याची परीक्षा होत नसते. तथापि याच न्यायाने 'टाइम्सच्या समीक्षकाने वाखाणले, सबब गाणे थोर' हेही म्हणता येत नाही, हे वकिली करणाऱ्यांनी विसरू नये.

यानंतरचे प्रकरण मंकीज या अमेरिकन बँडचे. एका दूरचित्रवाणी मालिकेसाठी १९६५ साली वृत्तपत्रात जाहिरात देऊन चार तरुण निवडण्यात आले आणि १९६६ च्या सप्टेंबरात ती मालिका सुरू झाली. मुलांनी त्यांना डोक्यावर घेतले. मात्र पहिल्या दोन ध्वनिमुद्रिकांवरील वाद्ये बहुतांशी स्टुडिओतील व्यावसायिक वादकांनी वाजविली आहेत, असे उघड होताच 'हा बँडच खोटा' अशी ओरड झाली. तेव्हा या चौघांनी हट्टाने तिसरी ध्वनिमुद्रिका, १९६७ सालची 'हेडक्वार्टर्स', मुख्यतः स्वतः वाजवून सिद्ध केली. आजही त्यांचे प्रौढ चाहते वाद निघाला की प्रथम हीच ध्वनिमुद्रिका पुढे करतात.

त्यांचा अभिमान आम्हास समजतो. परंतु ही वकिली मुळातच थोडी लंगडी आहे. बीच बॉईज या बँडची १९६६ सालची 'पेट साउंड्स' ही ध्वनिमुद्रिका जाणकार आज अत्यंत श्रेष्ठ मानतात. तिच्यावरील वाद्येदेखील बव्हंशी स्टुडिओतील वादकांनीच वाजविलेली आहेत. तेथे कोणी खोटेपणाची तक्रार करीत नाही. मंकीजचे गाजलेले 'आय अ‍ॅम अ बिलीव्हर' हे गीत नील डायमंड यांनी रचले, म्हणून त्याची चाल काही बेसूर होत नाही. आपल्या नाट्यसंगीतात तरी पद एकाचे, चाल दुसऱ्याची व गळा तिसऱ्याचा असे असतेच की! 'स्वतः वाजविले, स्वतः रचले' ही श्रमाची साक्ष होय, गुणाची नव्हे.

मग खरी साक्ष कोणती? तिचा उत्तम नमुना लिओनार्ड बर्नस्टाइन यांनी घालून दिला. ते न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या विख्यात वाद्यवृंदाचे संचालक होते. एप्रिल १९६७ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी अमेरिकन दूरचित्रवाणीवर तरुणांच्या या नव्या संगीताविषयी एक कार्यक्रम सादर केला. त्यातील फार मोठा भाग टाकाऊ आहे, हे त्यांनी आरंभीच कबूल केले. मग ते पियानोपाशी बसले आणि जो थोडा भाग आपल्याला आवडतो तो का आवडतो, हे वाजवून दाखवू लागले. बीटल्सच्या 'शी सेड शी सेड' या गीतात चार-चार मात्रांची चाल मध्येच तीन-तीन मात्रांत जाते व पुन्हा सहज पूर्वपदावर येते. असे स्थळ दाखविले म्हणजे ऐकणारा स्वतःच्या कानाने पडताळा घेऊ शकतो. त्याला वक्त्याच्या कीर्तीवर विश्वास ठेवावा लागत नाही.

आता मुलांच्याच एका बँडकडे वळू. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातील टल्सा गावच्या हॅन्सन आडनावाच्या तिघा भावांचे 'म्म्मबॉप' हे गीत १९९७ साली जगभर गाजले. त्या वेळी आयझॅक सोळा, टेलर चौदा आणि झॅक अकरा वर्षांचा होता. लांब केसांची, हसतमुख मुले आणि अर्थहीन अक्षरांचे ध्रुपद. थट्टेला आणखी काय हवे? असे असता 'व्हिलेज व्हॉइस' या न्यूयॉर्कच्या पत्राने दरवर्षीप्रमाणे समीक्षकांची मते मागविली, तेव्हा त्या वर्षीच्या सुट्या गीतांत याच गीतास पहिला क्रमांक मिळाला.

त्याचे कारण गीत नीट ऐकले की ध्यानात येते. कडव्यांचा विषय मुळीच पोरकट नाही. आयुष्यात जुळलेल्या नात्यांपैकी फार थोडी शेवटपर्यंत टिकतात, बाकीची पाहता पाहता विरून जातात, मग टिकणारी कोणती हे आज कोण सांगणार, असा त्याचा आशय आहे. ध्रुपदातील ते निरर्थक अक्षर म्हणजे निसटून जाणारा क्षण. आपल्या तराण्यातही अक्षरांना कोशातला अर्थ नसतो, म्हणून त्याला कोणी पोरखेळ म्हणत नाही. या भावांनी पुढे २००३ साली स्वतःची ध्वनिमुद्रण कंपनी काढली व गाणे चालूच ठेवले. त्यांच्याबरोबर वाढलेल्या मुली आता चाळिशीत आहेत. बाराव्या वर्षी आपल्याला जे भावले ते अगदीच भाबडेपण नव्हते, असे त्या म्हणतात तेव्हा त्या केवळ एका बँडची नव्हे, तर आपल्या स्वतःच्या बालपणाची बाजू मांडत असतात.

विद्यार्थी मित्रहो, मुलांना आवडते म्हणून गाणे थोर ठरत नाही आणि तेवढ्याच कारणाने ते क्षुद्रही ठरत नाही. तुमच्या आवडीला कोणी हसले तर रागावू नका. गायकांची कीर्ती, खप किंवा पारितोषिके यांचा पाढाही वाचू नका. गाण्यातील नेमके स्थळ दाखवा आणि म्हणा, "येथे ऐका." आणि वडील मंडळींना आमची एवढीच नम्र विनंती आहे की, त्यांनी निकाल देण्यापूर्वी ते गाणे एकदा शेवटपर्यंत ऐकावे. त्यानंतरही ते नावडले तर तसे खुशाल सांगावे. त्या नावडीलाही मग किंमत येईल.

आमच्या संमेलनात ते गाणे झाले. पहिल्या रांगेत ते दोन्ही गृहस्थ शेजारी शेजारी बसले होते. पहिल्यांचे मत पालटले की नाही, हे आम्ही विचारले नाही. पण गाणे संपेपर्यंत ते उठले नाहीत, एवढे आम्ही पाहिले.