विस्कस, पण विस्कॉसिटी!

आमच्या देवळाली कॅम्पाने इंग्रजी शब्दकोशाला एक शब्द दिला आहे: ‘डूलॅली’, म्हणजे डोके फिरलेला. मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत ब्रिटिश सैनिक येथील छावणीत कंटाळून जात. त्या अवस्थेला ते ‘डूलॅली टॅप’ म्हणत. हा टॅप म्हणजे आपला ताप!

आता गावाच्या नावाचे काय झाले पाहा. ‘देवळाली’ची अक्षरे आपण जवळजवळ सारख्या वजनाने उच्चारतो. इंग्रजाने सगळा जोर ‘लॅ’वर दिला, बाकीची अक्षरे दबली. हा जोर म्हणजे आघात.

भौतिकीच्या पुस्तकातही हा आघात आपल्याला अडवतो. मराठी माध्यमातून आलेला माझा एक विद्यार्थी तोंडी परीक्षेत ‘विस्कसिटी’ म्हणाला. परीक्षक हसले. उत्तर येत असूनही मुलगा पुढे बोललाच नाही. खरे तर त्याचा तर्क बरोबर होता. ‘श्यान’ला ‘ता’ जोडला की ‘श्यानता’; मूळ शब्द जसाच्या तसा. मग ‘विस्कस’ला ‘इटी’ जोडून ‘विस्कसिटी’ का नको?

कारण भाववाचक नामे बनवणारे सगळे इंग्रजी प्रत्यय एका स्वभावाचे नाहीत. ‘नेस’ गरीब आहे: हार्ड, हार्डनेस. मूळ शब्दाला तो धक्का लावत नाही. ‘इटी’ मात्र आघात ओढून आपल्या अगदी आधीच्या अक्षरावर आणतो. ‘विस्कस’मध्ये जोर ‘विस’वर, म्हणून पुढचा स्वर दबलेला. ‘इटी’ येताच जोर त्या स्वरावर जातो आणि तो मोकळा होतो: विस्कॉसिटी. ‘रेलटिव्ह’मध्ये जोर ‘रे’वर, ‘रेलटिव्हिटी’त ‘टि’वर. शेवटी ‘क’ असेल तर त्याचा ‘स’ही होतो: इलेक्ट्रिक, इलेक्ट्रिसिटी, इलॅस्टिक, इलॅस्टिसिटी. ‘शन’ची खोडही अशीच. ‘ऑसिलेट’मध्ये जोर ‘ऑ’वर, ‘ऑसिलेशन’मध्ये ‘ले’वर.

हे फार परके वाटायला नको. आपणही ‘सुंदर’चे ‘सौंदर्य’ आणि ‘मधुर’चे ‘माधुर्य’ करताना पहिला स्वर बदलतोच की! ‘वाइड’चे ‘विड्थ’ होते, त्यातही स्वरच बदलतो. फक्त आपला बदल लेखनात दिसतो. ‘वाइड’मधला किंवा ‘विस्कस’मधला स्पेलिंगमागे लपून राहतो.

आता ‘कंडक्टिव्ह’, ‘रिॲक्टिव्ह’ आणि ‘पोरस’ या शब्दांना ‘इटी’ लावा. जोर येईल तेथे बाकावर बोट आपटून मोठ्याने म्हणा. ‘पोरस’चे काय होते, ते शब्दकोश उघडण्याआधी स्वतः ठरवा.