बसला म्हणून चालला असे नाही : मोटारीच्या प्रेशर रेग्युलेटरची अदलाबदल

मल्टिपॉइंट इंजेक्शनच्या पेट्रोल मोटारीत इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा हे गाडीतला संगणक, म्हणजे ईसीयू, ठरवतो. पण तेवढ्या वेळात प्रत्यक्ष किती पेट्रोल बाहेर पडेल हे इंजेक्टरमागच्या दाबावर अवलंबून असते आणि तो दाब राखण्याचे काम मुठीत मावणारा फ्युएल प्रेशर रेग्युलेटर करतो. जुन्या मॉडेलचा मूळ रेग्युलेटर मिळेनासा झाला की दुसऱ्या मॉडेलचा बसवण्याचा विचार साहजिकच पुढे येतो, आणि तो सर्वस्वी चुकीचा नसला तरी त्याला काही अटी आहेत.

या धातूच्या डबीत एक लवचीक पडदा, म्हणजे डायफ्राम, असतो आणि त्याच्या एका बाजूला पेट्रोल, तर दुसऱ्या बाजूला स्प्रिंग असते. दाब स्प्रिंगच्या ताकदीपेक्षा वाढला की पडदा उचलला जातो आणि जादा पेट्रोल परतीच्या नळीने टाकीत जाते. स्प्रिंगच्या बाजूला इनटेक मॅनिफोल्डकडून, म्हणजे हवा इंजिनात जाण्याच्या मार्गाकडून, व्हॅक्यूमची बारीक नळी येते, त्यामुळे मॅनिफोल्डमधील दाब कमीजास्त झाला तरी इंजेक्टरच्या दोन्ही टोकांमधील फरक कायम राहतो.

एकच पुरवठादार अनेक कंपन्यांना हा भाग देत असल्याने बाहेरून सारखे दिसणारे रेग्युलेटर आतून अडीच, तीन, साडेतीन किंवा चार बारचे असू शकतात, आणि खरी गफलत इथेच होते. ठिबकच्या नळीतला दाब वाढवला की साध्या ड्रिपरमधून पाणी जास्त येते, पण दाबाच्या प्रमाणात नव्हे, तर त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. इंजेक्टरचेही तसेच आहे. तीनऐवजी साडेतीन बारचा रेग्युलेटर बसवल्यास पेट्रोल सुमारे ८ टक्के, तर चार बारचा बसवल्यास सुमारे १५ टक्के जास्त जाते. एक्झॉस्टमधील ऑक्सिजन सेन्सरच्या आधारे ईसीयू हा फरक काही मर्यादेपर्यंत भरून काढतो. परंतु पूर्ण रेस दिल्यावर बहुतेक गाड्यांत ही दुरुस्ती थांबते, आणि दाब जास्त असेल तर प्लग काळे पडणे, ॲव्हरेज घटणे, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होणे, तर दाब कमी असेल तर भाराखाली इंजिन ठोकणे आणि तापणे असे त्रास सुरू होतात.

बारामती तालुक्यातील सांगवीच्या परिसरात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. नीरा डाव्या कालव्यावरच्या या ऊसपट्ट्यात माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरचा छत्रपती हे सहकारी साखर कारखाने आहेत, आणि उसापासूनही तयार होणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. एक किलो पेट्रोल जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला मात्र सुमारे ९ किलोच. म्हणून तेवढ्याच हवेसाठी हे मिश्रण शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे ८ ते ९ टक्के जास्त लागते. हा आकडा पाहून जादा दाबाचा रेग्युलेटर बसवावासा वाटणे स्वाभाविक आहे, पण ऑक्सिजन सेन्सर शाबूत असेल तर एवढी वाढ ईसीयू सहसा स्वतःच सांभाळतो. जुन्या गाडीत अधिक काळजी घ्यायची ती इथेनॉल न सोसणाऱ्या रबरी नळ्यांची, ओ-रिंगची आणि खुद्द डायफ्रामची.

डायफ्राम फाटला आहे का, हे ओळखणे सोपे आहे : व्हॅक्यूमची नळी काढल्यावर तिच्यात पेट्रोल दिसले तर भाग बदलावाच लागतो. पर्यायी भाग निवडताना दाबाचा आकडा, परतीच्या आणि व्हॅक्यूमच्या जोडण्या, तसेच ओ-रिंगचे माप जुळले पाहिजे. अनेक नव्या गाड्यांत परतीची नळी नसते आणि रेग्युलेटर टाकीतल्या पंपासोबतच असतो, तर कॉमन रेल डिझेलमध्ये दाब हजार बारच्याही पुढे जातो. तिथे अशी अदलाबदल करूच नये.

काम सुरू करण्यापूर्वी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे म्हणजे इंजेक्टरमागचा दाब उतरतो, त्यानंतर बॅटरी सोडवावी आणि जवळपास कोणतीही ठिणगी उडणार नाही हे पाहावे. भाग बसवल्यावर गेज जोडून आयडलला दाब मोजावा, मग व्हॅक्यूमची नळी काढून पुन्हा मोजावा. दुसऱ्या वेळी काटा साधारण अर्धा बार वर सरकून कंपनीने दिलेल्या आकड्यावर थांबला आणि कुठे गळती नसली, तरच तो रेग्युलेटर त्या गाडीला चालतो असे म्हणता येते.